दादानं निवडलेलं शहर

अंधार पडला की दादाला दिसत नाही, हे आमच्या घरी त्याच्या लहानपणापासून ठाऊक होतं. तिन्हीसांजेला बाहेर जायचं झालं तर तो माझ्या फ्रॉकचा पट्टा धरून चालायचा, आणि गल्लीत आडव्या बसलेल्या गाईवर आम्ही दोघं एकदमच जाऊन आदळायचो. आई त्याला गाजरं खायला घालायची, डोळ्यांत मध घालायची, आणि वयात आला की होईल बरं, असं शेजारणींना सांगायची. दादा वयात आला, कॉलेजात जायला लागला, आणि भर दुपारी माणसांना धडकायला लागला.

आम्ही बनारसला दूधविनायक मोहल्ल्यात राहायचो. अण्णा, म्हणजे आमचे वडील, ब्रह्मा घाटाजवळच्या पाठशाळेत संस्कृत शिकवायचे. घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि वर गच्ची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाय टाकला की हिंदी, आणि दादा आणि मी एकमेकांशी बोलायचो ते दोन्हीचं कालवण.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. दादाला फळ्यावरचं दिसेना म्हणून अण्णा त्याला लखनौच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. मीही बरोबर होते, कारण परत येताना रात्र झाली तर त्याचा हात धरायला दोन माणसं हवीत, असं आईचं म्हणणं. डॉक्टर म्हातारे होते. बराच वेळ त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत राहिले, मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “पंडितजी, आँख का परदा सूख रहा है। इसमें कुछ होता नहीं।”

“चश्मा?” अण्णांनी विचारलं.

“कुछ नहीं।”

“ऑपरेशन?”

“होता तो बता देते।” मग ते दादाकडे न बघता, अण्णांनाच म्हणाले, “लड़के से कहिए, जो देखना है, देख ले। दो साल, चार साल, कह नहीं सकते।”

अण्णांनी डॉक्टरांना वाकून नमस्कार केला. का केला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “अण्णा, भूक लागलीये,” आणि आम्ही स्टेशनवर पुरी-भाजी खाल्ली.

त्याच हिवाळ्यात तो परदेशी मुलगा अण्णांकडे संस्कृत शिकायला यायला लागला. तो डेन्मार्कचा होता, पण गल्लीत सगळे त्याला जर्मनच म्हणायचे, म्हणून आम्हीही. ब्रह्मा घाटावर खोली घेऊन राहायचा, कुठे तरी तबला शिकायचा. धडा संपला की आई त्याला वरणभात वाढायची आणि तो मांडी घालून, घामाघूम होऊन जेवायचा. दादाची आणि त्याची गट्टी जमली. दादाचे दोन मित्र रोज घरी असायचेच. एक चौकातल्या बनारसी साड्यांच्या गद्दीवरचा, म्हणजे पेढीवरचा, त्याला आम्ही गद्दीवाला म्हणायचो. दुसरा आपल्यातलाच, वडील रेल्वेत, भुसावळकडचे. तो रेल्वेवाला.

जर्मननं एका रविवारी कापडी पिशवीतून फासे काढले. आम्हाला सोंगट्यांचे फासे माहीत होते. हे वेगळेच, कोणाला आठ बाजू, कोणाला बारा, एकाला तर वीस. प्रत्येक बाजूवर आकडा कोरलेला. त्यानं मोडक्या हिंदीत समजावलं ते मला अजून आठवतं: एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीत राहणार. तू दार उघडतोस का पळतोस, ते तू सांगायचं. दार उघडतं की नाही, ते फासा सांगणार.

“जीतता कौन है?” गद्दीवाल्यानं विचारलं.

“कोई नहीं,” जर्मन म्हणाला. “चलता है।”

“तो फिर काहे को खेलें?” असं म्हणून गद्दीवाला खेळायला बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

जर्मनच्या पुस्तकातलं जग मात्र आमच्या डोक्यात शिरेना. डोंगरावर बर्फ, जंगलात एक सराई, तिथे चुलीवर लाकडं जळतायत आणि लोक बीअर पीत बसलेत. रेल्वेवाल्यानं विचारलं, जेवायला काय आहे? जर्मन म्हणाला, मांसाचा रस्सा. आमच्या घरात, आई पलीकडे भाजी चिरत असताना, तिघांनीही आधी तिच्याकडे पाहिलं. शेवटी दादानं ठरवलं की गोष्टीतला त्याचा योद्धा उपाशी झोपतो. पुढे बर्फात पाऊल टाकायची वेळ आली तेव्हा गद्दीवाला म्हणाला, पाय भाजेल का? बर्फ आम्ही पाहिला होता तो लस्सीच्या दुकानात, भुसा लावलेल्या लादीचा.

उन्हाळा लागायच्या आत जर्मनचा व्हिसा संपला. जाताना त्यानं फासे दादाला दिले, पुस्तकही दिलं. पुस्तकाची अक्षरं मुंगीएवढी होती, ती दादाला तेव्हाच वाचता येत नव्हती. पण खेळाची चटक लागली होती, आणि गोष्ट सांगायचं काम आपसूक दादाकडे आलं. त्यानं कॉलेज सोडलं होतं. दिवसभर त्याला दुसरं कामच नव्हतं.

मग प्रश्न आला, खेळायचं कुठे? कोणत्या जगात? त्यावर गच्चीत एक अख्खी दुपार वाद झाला. मी पापड वाळत घालत होते, सगळं ऐकत होते.

गद्दीवाला म्हणाला, पुराणातलं घ्या. सगळ्यांना तोंडपाठ, काही समजवायला नको. रामनगरला नाही का, रामलीलेच्या दिवसांत अख्खं गावच पुराणातलं होऊन जातं? दरवर्षी आम्ही नावेतून पलीकडे जायचो ती लीला बघायला. दादा म्हणाला, “त्यात फासा टाकायला जागा कुठाय? देवाचा बाण लागला की नाही, ते मी फाशावर ठरवू? अण्णा घरातून हाकलतील.”

रेल्वेवाला म्हणाला, आपणच एक नवं जग बनवू. कागद घेऊ, नकाशा काढू, कोणाच्या बापाचं नाही.

दादानं हातातला फासा पिशवीत टाकला. मग म्हणाला, “नवं नको. नवं मला कोणी दाखवायचं?”

तेव्हा आम्हाला ते नीट कळलं नाही. त्यानंच मग ताम्रगढचं नाव काढलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्यानं पुस्तकं देणारं एक दुकान होतं. हिंदी पॉकेट बुकं, पिवळा कागद, चकचकीत मुखपृष्ठं. त्यात एक मालिका होती, ती आम्ही सगळ्यांनीच शाळेपासून वाचलेली. ताम्रगढ नावाचं एक शहर, कोरड्या नदीच्या पात्रात वसलेलं. घरांना तांब्याची छपरं. सात दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजा पाणघड्याळ रिकामं झालं की आपोआप बंद होणारा. बाजारात बहुरूपी हेर, जमिनीखाली बांधलेले जिने, आणि कोणी कधी न पाहिलेली एक राणी. अण्णा त्या पुस्तकांना रद्दी म्हणायचे. गद्दीवाल्यानं पाठ्यपुस्तकात लपवून वाचली होती, मी स्वयंपाकघरात डब्यामागे ठेवून. ताम्रगढ म्हटल्याबरोबर तिघांचेही चेहरे उजळले. तिसऱ्या दरवाज्यातून आत शिरलं की डावीकडे काय, हे कोणाला विचारावं लागत नव्हतं.

“लेकिन नायक मैं,” गद्दीवाला म्हणाला.

“नाही,” दादा म्हणाला. “नायकाचं काय होतं ते पुस्तकात लिहिलेलं आहे. त्याच्या वाटेला जायचं नाही. आपण अशी माणसं घ्यायची, जी एका ओळीत येतात आणि निघून जातात. त्यांचं पुढे काय झालं ते लेखकानं सांगितलेलं नाही. तेवढी जागा आपली.”

त्याचं हे म्हणणं मला फार आवडलं. रेल्वेवाल्यानं एक वैद्य घेतला, जो पहिल्या भागात राजवाड्याच्या पायरीवर औषध कुटत बसलेला असतो आणि परत कधी दिसत नाही. गद्दीवाल्यानं कुरकुरत एक कापडाचा व्यापारी घेतला. आणि दादानं मला हाक मारली. “तिसऱ्या दरवाज्यावर एक पहारेकरीण आहे. ती हिला द्या.” मी पापडाचे हात पुसून येऊन बसले.

त्यानंतर दादानं जे केलं त्यावरून घरात महाभांडण झालं. दुकानातून तो ताम्रगढचे सगळे भाग एकेक करून परत घेऊन आला आणि वाचायला बसला. त्याला आता नळीतून बघावं तेवढंच दिसायचं, एका वेळी चार-पाच शब्द. भर उन्हात, गच्चीच्या कठड्याला टेकून, पुस्तक नाकाशी धरून वाचायचा. डोळ्यांतून पाणी गळायचं, ते शर्टाच्या बाहीनं पुसायचा आणि पुढे वाचायचा. मुखपृष्ठावरची चित्रं एवढा वेळ बघायचा की मला वाटायचं, झोप लागली की काय.

अण्णांनी त्याच्यासाठी रामेश्वराचा बेत केला होता. आईच्या मनात माहूरची देवी होती. जो देखना है देख ले, हे दोघांच्याही मनात खिळ्यासारखं बसलं होतं, दोघांनीही कधी तोंडानं उच्चारलं नाही. दादा म्हणाला, मला कुठे जायचं नाही.

एका दुपारी अण्णा पाठशाळेतून घरी आले ते तडक गच्चीवर गेले. “डोळे आहेत तोवर समुद्र बघ म्हणतोय मी. देव बघ. आईबापाची तोंडं बघ. तू या रद्दीवर डोळे घालवतोयस?”

“अण्णा, समुद्र एकदा बघून काय करू?” दादा म्हणाला. “तिथे मला पुढे राहायचं नाहीये.”

“आणि इथे राहायचंय? या दोन दमड्यांच्या पुस्तकात?”

“हो.”

अण्णांनी पुस्तक हिसकावलं. आम्हाला वाटलं फाडतात. पण त्यांच्या हातून कोणतंच पुस्तक फाडलं गेलं नसतं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, मुखपृष्ठावर तलवार घेतलेली बाई होती. त्यांनी ते दादाच्या मांडीवर ठेवलं आणि खाली निघून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नंतर त्यांनी रामेश्वराचं नाव काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात दादा मला म्हणाला, “चल, ठठेरी बाजारात जाऊ.” आमच्या गल्लीपासून जवळच, भांड्यांचा बाजार. दुपारचं ऊन गल्लीत सरळ उतरतं तेवढ्या वेळात पोचायचं होतं. एका दुकानदारानं तांब्याचा नवा पत्रा दारात उभा करून ठेवला होता. दादा त्याच्यासमोर उभा राहिला. मान थोडी इकडे, थोडी तिकडे, तुकड्या-तुकड्यानं तो अख्खा पत्रा त्यानं बघून घेतला. दुकानदार विचारायला लागला, लेना है क्या? मी म्हटलं, देख रहे हैं भैया. परत येताना दादा खूश होता. “आता छपरं जमली,” म्हणाला.

ती दोन-अडीच वर्षं आम्ही दर रविवारी खेळलो. हिवाळ्यात गच्चीवर, उन्हाळ्यात आतल्या खोलीत, दारावर ओला पडदा टाकून. माकडं येतात म्हणून खिडकी लावलेली असायची आणि लाईट गेलेली असायची. दादा भिंतीला टेकून डोळे मिटून बोलायचा. सुरुवातीला मिटलेले डोळे आम्हाला चमत्कारिक वाटायचे, नंतर कळलं की उघडे ठेवले की त्याला मधेमधे यायचं, आमच्या चेहऱ्यांचे तुकडे, भिंतीचा तुकडा. मिटले की शहर अख्खं दिसायचं. तो सांगायचा, “पाणघड्याळात बोटभर पाणी उरलंय. बाहेर उंटवाले ओरडतायत. त्यातल्या एकाचा उंट लंगडतोय. दार लावतेस की थांबतेस?” आणि मी, जिला घरात भाजी कोणती करायची हेही कोणी विचारत नव्हतं, मी ठरवायची की दार लावायचं की थांबायचं. जर्मनच्या सराईत आम्ही पाहुणे होतो. इथे आम्ही रहिवासी होतो. गद्दीवाला चुकून म्हणाला की उत्तरेच्या बाजारात रेशीम मिळतं, तर रेल्वेवाला लगेच म्हणणार, उत्तरेला सोनार बसतात, तिसरा भाग वाच. वाद झाला की दादा निकाल द्यायचा, पान कुठलं तेही सांगायचा.

हळूहळू फाशावरचा आकडा त्याला दिसेनासा झाला. पडलेला फासा त्याच्या शेजारी जो बसला असेल तो वाचायचा.

एका रविवारी गद्दीवाल्याच्या व्यापाऱ्याला पकडायला दादाचे शिपाई आले होते. दादानं शिपायांसाठी वीस बाजूंचा फासा टाकला. गद्दीवाला वाकून म्हणाला, “सत्रह! मर गए यार.” म्हणजे दादाचे शिपाई जिंकले. दादा हसला नाही. त्यानं सतरंजीवर हात फिरवून तो फासा शोधला, आणि वरच्या बाजूवर अंगठ्याचं नख फिरवलं. आकडे कोरलेले होते.

“चार आहे,” तो म्हणाला.

त्यानं फासा मुठीत धरून ठेवला.

“गेल्या रविवारी एकोणीस म्हणालास. ते किती होतं?”

गद्दीवाला खाली बघत राहिला. मग म्हणाला, “अरे यार, तुम्हारा मन रखने के लिए...”

“कब से?”

गद्दीवाल्यानं रेल्वेवाल्याकडे पाहिलं, रेल्वेवाल्यानं माझ्याकडे. मला खरंच ठाऊक नव्हतं. पण दादाला आमची तोंडं दिसत नव्हती, आणि मी “मला माहीत नव्हतं रे” म्हटलं ते त्याला खरं वाटलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही. त्यानं सगळे फासे गोळा करून पिशवीत भरले. “बेईमानी करायची तर स्वतःच्या फायद्याची करायची असते,” एवढंच बोलला.

पुढच्या रविवारी दोघंही आले, खेळही झाला. दादा आता प्रत्येक फासा नखानं वाचायचा. वेळ लागायचा. सगळे थांबायचे. त्या थांबण्यात ताम्रगढ जरा जरा निसटून जायचं, आणि परत आणायला दादाला फार बोलावं लागायचं.

त्यानंतर काही महिन्यांनी दुकानात ताम्रगढचा नवा भाग आला. बरीच वर्षं आला नव्हता, आम्हाला वाटलं होतं मालिका संपली. दादाला आता अक्षर मुळीच लागत नव्हतं, म्हणून तिघांसमोर मी मोठ्यानं वाचला. कोणी दुसऱ्यानंच लिहिला असावा, भाषा वेगळी होती. शेवटी कोरड्या नदीला पाणी येतं. दरवाजे बंद असतात, लोक आतच अडकतात. शहर बुडतं. शेवटच्या पानावर फक्त छपरं पाण्यावर दिसतात, आणि मग तीही नाही.

वाचून झाल्यावर गद्दीवाला पहिल्यांदा बोलला. “हम नहीं मानते। हमारा ताम्रगढ़ अलग चलेगा।”

“लिहून गेला तो,” दादा म्हणाला. “आता ते बुडलं.”

“अरे, पण पूर यायच्या आधीची वर्षं घेऊ ना,” रेल्वेवाला म्हणाला. “बक्कळ जागा आहे.”

“घेऊ,” दादा म्हणाला. पण त्याचा आवाज मला ठीक वाटला नाही. ते दोघं गेल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, “पुराचं वाईट नाही वाटलं गं. तू वाचत होतीस, आणि मला काहीच दिसलं नाही. एक पान नाही. नदी नाही, पाणी नाही. शब्द ऐकू आले फक्त. आधीचं मी डोळ्यांनी वाचलंय, ते दिसतं. हे कानांनी आलं, ते कुठे गेलंच नाही.”

मी म्हटलं, सवय होईल.

“हो,” तो म्हणाला. विषय संपवायचा असला की असा हो तो अण्णांना म्हणायचा.

मग एकेक गोष्ट होत गेली, त्यात कोणाचा दोष नव्हता. रेल्वेवाल्याच्या वडिलांची बदली झाली. स्टेशनवर निरोप द्यायला दादा आला होता, गाडी सुटली तरी चुकीच्या डब्याकडे हात हलवत होता, आणि मी त्याचा हात वळवून दिला. गद्दीवाल्याचं लग्न झालं, तो वडिलांबरोबर गद्दीवर बसायला लागला. रविवारी गिऱ्हाईक जास्त. आधी एक रविवार चुकला, मग दोन, मग तो नुसताच सणासुदीला मिठाई घेऊन यायला लागला. आला की मोठ्यानं बोलायचा, दादाला ऐकू येत नसल्यासारखा.

आम्ही दोघंच उरलो. दोघांतही खेळ होतो, आम्ही खेळायचो. माझी पहारेकरीण दरवाजा सोडून शहरभर फिरायला लागली होती. दादा अजून सांगायचा, पण आता तो गोष्ट पुढे नेईनासा झाला. मी कुठल्या गल्लीत शिरले की त्या गल्लीत काय काय आहे तेच सांगत बसायचा, दुकानामागून दुकान, जिन्यामागून जिना. मला वाटायचं कंटाळलाय. आता वाटतं तो मोजदाद करत होता, काय अजून आहे आणि काय नाही त्याची.

माझं लग्न ठरलं ते इंदूरला. सासरचे लोक बघायला आले तेव्हा दादाला आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं, आणि तो आपणहून बसला होता. हा रोग घराण्यात असतो, मुलीच्या पोटी येऊ शकतो, असं कोणी म्हणायला नको म्हणून. तो आत आहे हे मला माहीत होतं आणि मी बाहेर पोहे वाढत होते. सासरी त्यांना नंतर कळलंच. बोलले नाहीत, एवढं त्यांचं चांगुलपण.

पहिली खेप माहेरी आले ती बाळंतपणाला. दादा तेव्हा पूर्ण आंधळा झाला होता. ऊन आहे की सावली, हेही कळत नव्हतं. अण्णांनी त्याला वेदपठण शिकवायचा प्रयत्न केला होता. कानांनी शिकायचं, डोळे लागत नाहीत, पुढे पोटापाण्याला होईल, असं त्यांना वाटायचं. दादा थोडे दिवस शिकला आणि सोडून दिलं. अण्णांनी ओरडणंही सोडलं होतं. दादा दिवसभर खाटेवर बसायचा, रेडिओ लावायचा, बंद करायचा.

एका दुपारी, माझं पोट एवढं वर आलेलं, खाली बसवत नव्हतं, तरी मी सतरंजीवर बसले आणि म्हटलं, “दादा, चल की. तिसऱ्या दरवाज्यावर मी परत हजर झालेय.”

त्यानं रेडिओ बंद केला. मग म्हणाला, “दिसत नाही गं आता.”

“माहितीये मला. तू नुसतं सांग.”

“ताम्रगढ दिसत नाही, म्हणतोय मी.”



“पाठ आहे सगळं,” तो म्हणाला. “दरवाज्यातून शिरलं की डावीकडे वैद्याची गल्ली, उजवीकडे सोळा पायऱ्या. विचार, सांगतो. पण नुसतं पाठ आहे, अण्णांच्या पाठशाळेतल्या पोरांचं असतं तसं. आत काही उभं राहत नाही. मला वाटलं होतं, एकदा डोळ्यांनी नीट भरून घेतलं की राहील. नाही राहत. वरून नवीन काही पडलं नाही की आतलंही पुसत जातं.”

“आणि छपरं?”

“लाल. म्हणजे, लाल हा शब्द.”

आई मोरीत कपडे धूत होती, पाण्याचा आवाज येत होता. तो आवाज कमी करून म्हणाला, “आईचं तोंडही गेलं. तिला सांगू नकोस. कुंकू कुठे असतं ते माहितीये, नाकात चमकी आहे ते माहितीये. तोंड नाही येत.”

मी म्हटलं, “माझं?” विचारायला नको होतं.

“तुझं फ्रॉकमधलं येतं कधी कधी. आताचं नाही.”

मला रडू आलं, ते त्याला ऐकू येऊ नये म्हणून मी तोंडावर पदर धरला. त्याला कळलंच असेल. मी कसंबसं म्हटलं, “रामेश्वरला गेला असतास तर?”

“तेही गेलंच असतं,” दादा म्हणाला. “काहीही बघितलं असतं तरी गेलंच असतं. मला वाटलं मी हुशारीनं निवडलं. निवडण्यासारखं काही नव्हतंच त्यात.”

त्याच्या बोलण्यात चीडही नव्हती. चिडला असता तर मला काही तरी समजावता आलं असतं. मी सांगून बघितलं की दुसरं एखादं जग घेऊ, आवाजांचं घेऊ, वासांचं घेऊ, मी बनवते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, “तू बनव. तुला बाळ होईल, त्याला सांगशील.”

मुलगी झाली. बारशाला गद्दीवाला बायकोला घेऊन आला, झबलं आणलं, रेशमाचं. दादाच्या मांडीवर मुलगी ठेवली तेव्हा तो तिच्या डोळ्यांवरून हलकेच बोट फिरवत राहिला. आईनं विचारलं, काय रे? काही नाही म्हणाला. तिला अंधारात दिसतं का, हे मी पुढे कित्येक वर्षं दिवा मालवून, तिच्यासमोर चमचा हलवून बघत राहिले. तिला दिसत होतं. तरी मी बघायची.

दादा अजून बनारसलाच आहे. अण्णा गेले, आई आहे, तीच त्याचं जेवणखाण बघते. आईनंतर काय, हे आम्ही बोलत नाही. मी इंदूरला ये म्हटलं की तो म्हणतो, तिथली गल्ली मला पाठ नाही. माझ्या नवऱ्याची ना नाही, पण तो आग्रहही करत नाही. फोन केला की दादा हवापाणी विचारतो, भाव विचारतो, मुलीचा अभ्यास विचारतो. दोन मिनिटांत आमचं बोलणं संपतं. मग तो म्हणतो, “ठेवतो गं,” आणि मी हो म्हणते, आणि तरी जरा वेळ दोघंही फोन कानाला धरून असतो.